कचऱ्याच्या डोंगरातील मिथेन : हिशोब कसा करावा?

आपल्या स्मरणिकेत शिक्षण, आरोग्य, शिष्यवृत्त्या अशा विषयांवर लेख येतात. त्यांत कचऱ्यावरचा लेख कशाला, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येईल. उत्तर साधे आहे. कचरा उचलणाऱ्या हातांत आपले हात पुष्कळ आहेत आणि कचऱ्याच्या ढिगाला लागून असलेल्या वस्त्यांत आपली माणसे पुष्कळ आहेत. त्या ढिगातून कोणता वायू किती निघतो, तो आकडा कोण काढतो आणि कसा काढतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना कळलेच पाहिजे. त्यासाठी दहावीपर्यंतचे रसायनशास्त्र आणि गुणाकार-भागाकार येवढे भांडवल पुरते.

मुंबईतील देवनारच्या कचराभूमीवर १९२७ सालापासून शहराचा कचरा पडत आला. जानेवारी २०१६ च्या अखेरीस तेथे मोठी आग लागली. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर या वस्त्यांवर कित्येक दिवस धूर साचून राहिला. परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतही तो धूर दिसला. आग कोणी लावली, कशी लागली याची चर्चा त्या वेळी भरपूर झाली. परंतु वरून पाणी मारून विझवलेला ढीग दोन दिवसांनी पुन्हा का धुमसतो, याची चर्चा फारशी झाली नाही. त्याचे एक कारण ढिगाच्या पोटात तयार होणारा मिथेन हे आहे. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगी पुरते.

मिथेनला रंग नाही आणि वासही नाही. ढिगाजवळ जी दुर्गंधी येते ती हायड्रोजन सल्फाइड व अन्य वायूंची. म्हणून वास नाही तेथे वायू नाही, असे समजणे धोक्याचे आहे. आगीचा धोका झाला जवळच्यांना, आणि वातावरण तापण्याचा परिणाम सर्वांना. वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या काळात मिथेन हा कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो, आणि वीसच वर्षांचा विचार केला तर सुमारे ८० पट. तो हवेत साधारण बारा वर्षे टिकतो. म्हणजे आज थोपवला तर परिणाम आपल्या हयातीत दिसेल.

ढिगाच्या पोटात काय घडते?

खेड्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. गोबर गॅसच्या टाकीत शेणकाला घालतात, वर झाकण बसवतात, आणि आतल्या हवेतला ऑक्सिजन संपला की सूक्ष्मजीव शेणातील पदार्थ कुजवून वायू सोडतात. त्या वायूत निम्म्याहून काहीसा अधिक मिथेन असतो, बाकीचा बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड. कचऱ्याचा खोल ढीग ही अशीच एक टाकी आहे, फक्त तिला ना भिंत, ना झाकण, ना नळी. आज पडलेला भाजीपाला सुरुवातीला हवा लागून कुजतो. त्यावर उद्याचे, परवाचे डंपर रिते होतात. खालची हवा संपते. मग आम्ले तयार होतात, आणि काही महिन्यांनी मिथेन निर्माण करणारे जीव आपला संसार थाटतात. त्यांना ओल लागते, ऊब लागते आणि हवा अजिबात चालत नाही. मुंबईच्या पावसात खोल ढिगाच्या पोटी या तिन्ही गोष्टी जमून येतात.

एक टन ओल्या कचऱ्याचा हिशोब

हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरशासकीय मंडळाने सर्व देशांना असा हिशोब करण्यासाठी एक मार्गदर्शिका दिली आहे. तिची १९९६ सालची आवृत्ती व २००६ सालची आवृत्ती या दोन प्रसिद्ध आहेत. तीत दिलेले आकडे घेऊन आपण स्वयंपाकघरातील एक टन ओल्या कचऱ्याचा, म्हणजे १,००० किलोचा, हिशोब मांडू.

या कचऱ्यात बरेचसे पाणीच असते. कुजू शकेल असा कार्बन त्यात सुमारे १५ टक्के धरतात. म्हणजे १५० किलो. हा सगळा कार्बन प्रत्यक्षात कुजत नाही, निम्मा कुजतो असे मानतात. राहिले ७५ किलो. आता ढीग कसा आहे ते पाहायचे. पाच मीटर किंवा त्याहून खोल, परंतु कोणतीही व्यवस्था नसलेला ढीग असेल तर ०.८ ने गुणायचे, कारण वरच्या थरात हवा शिरून काही भाग मिथेन न होता कुजतो. आले ६० किलो. त्यातील निम्मा कार्बन मिथेनच्या रूपाने व निम्मा कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने निघतो. म्हणजे ३० किलो. हे वजन नुसत्या कार्बनचे झाले. मिथेनच्या रेणूत कार्बनच्या १२ भागांना हायड्रोजनचे ४ भाग जोडलेले असतात, म्हणून १६ ने गुणून १२ ने भागायचे. उत्तर ४० किलो मिथेन.

एक टन ओल्या कचऱ्यामागे ४० किलो. त्याला २८ ने गुणले तर १,१२० किलो कार्बन डाय-ऑक्साइडइतका परिणाम. म्हणजे टाकलेल्या खरकट्याच्या वजनापेक्षा त्याचा उपद्रव जड!

विद्यार्थ्यांनी येथे जरा थांबावे. वरच्या हिशोबात ढीग पाच मीटरपेक्षा उथळ असता तर ०.८ ऐवजी ०.४ ने गुणावे लागले असते आणि उत्तर २० किलो आले असते. कचरा तोच, गाव तेच, केवळ ढिगाची उंची बदलली की आकडा निम्मा. आणि उलट, रोज दाबून, मातीने झाकून केलेल्या शास्त्रोक्त भरावात हाच गुणक १ धरतात, म्हणजे ५० किलो मिथेन! नीटनेटका भराव उकिरड्यापेक्षा अधिक मिथेन तयार करतो, हे वाचून आम्हीही प्रथम चक्रावलो होतो. परंतु ते खरे आहे. भरावात हवा शिरतच नाही. फरक असा की भरावात नळ्या घालून तो वायू ओढून जाळता येतो किंवा वापरता येतो, आणि वरच्या मातीतले काही जीव निसटता मिथेन खाऊनही टाकतात. नळ्याही नाहीत आणि जाळण्याची सोयही नाही, असा नुसता झाकलेला ढीग म्हणजे दोन्हीकडून तोटा.

किती निघेल आणि कधी निघेल?

४० किलो एका दिवसात निघत नाहीत. १९९६ च्या सोप्या पद्धतीत कचरा पडला त्याच वर्षी सगळा मिथेन निघाला असे धरून चालत. कचरा दरवर्षी वाढत असलेल्या शहरात त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेतील संशोधकांनी २००४ साली देशाच्या कचराभूमींचा हिशोब मांडताना हे सोपे गणित आणि वायू हळूहळू वाढून मग हळूहळू ओसरतो असे मानणारे त्रिकोणी गणित, अशी दोन्ही मांडून पाहिली होती. आपल्याच विदर्भात झालेले हे काम विद्यार्थ्यांनी जरूर वाचावे.

२००६ च्या मार्गदर्शिकेत ऱ्हासाचे गणित आहे. शिल्लक असलेल्या कुजणाऱ्या कार्बनचा ठरावीक हिस्सा दरवर्षी कुजतो, असे त्याचे सूत्र. व्याजाचे गणित उलटे केले की हेच होते. वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या उष्ण प्रदेशात ओल्या अन्नकचऱ्याचा वेग इतका धरतात की पावणेदोन वर्षांत निम्मा माल संपतो. कचरा पडल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजले तर मुंबईतल्या आपल्या ४० किलोंपैकी पहिल्या वर्षी सुमारे १३ किलो, दुसऱ्या वर्षी ९, तिसऱ्या वर्षी ६, चौथ्या वर्षी ४ असे निघत जातील. पाच वर्षांनी पाचएक किलो शिल्लक उरतील.

हाच एक टन कचरा सोलापूरकडे पडला तर? तेथील पाऊस हजार मिलिमीटरच्या पुष्कळ खाली. निम्मा माल संपायला आठ वर्षे लागतात आणि पहिल्या वर्षी जेमतेम सव्वातीन किलो मिथेन निघतो. पण शेवटी बेरीज तीच ४० किलो. पाऊसमान एकूण मिथेन ठरवत नाही, तो कधी निघेल हे ठरवते. म्हणून मुंबईत ओला कचरा टाकणे थांबवले तर दोन-तीन वर्षांत फरक दिसेल, सोलापुरात तो दिसायला धीर धरावा लागेल.

वजन कोणी केले होते?

येथपर्यंतचे गणित आम्ही आमच्या अभ्यासवर्गात फळ्यावर मांडले, तेव्हा सर्वांना ते पटले. बारावीच्या एका विद्यार्थ्याने उत्साहाने आपल्या गावाच्या डेपोचा हिशोब करून आणला. रोज १०० टन कचरा, म्हणजे वर्षाला ३६,५०० टन. त्यातला निम्मा ओला धरला तर १८,२५० टन. दर टनामागे ४० किलो, म्हणजे ७३० टन मिथेन. ढीग उथळ धरला तर ३६५ टन. वर्षानुवर्षे एवढाच कचरा पडत राहिला तर जितका येतो तितकाच निघतो, या हिशोबाने ताशी सुमारे ८३ किलो. मांडणी बिनचूक होती.

मागच्या बाकावर आमचे एक सभासद बसले होते. आयुष्यभर कचऱ्याची गाडी चालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "बाळ, हे शंभर टन मोजले कुणी?" मुलगा म्हणाला, "काका, छापील अहवालात आहेत." काका हसले. "आमच्या वेळेला काटा नव्हता. फेऱ्या मोजायच्या. एका फेरीला अमुक टन, हे आधीच ठरलेलं. गाडी अर्धी भरो की पुरी. आणि पावसाळ्यात गाडीत कचरा किती आणि पाणी किती, ते त्या गाडीलाच ठाऊक."

वर्ग एकदम शांत झाला. काकांनी जे सांगितले ते मोठमोठ्या ग्रंथांतही आहे, फक्त निराळ्या भाषेत. कचऱ्याच्या नोंदी नीट नसलेल्या देशांत नुसत्या वजनाच्या आकड्यातच दुपटीहून अधिक चूक असू शकते, असे मार्गदर्शिकाच सांगते. पावसाने भिजलेल्या कचऱ्याचे वजन वाढते, त्यातला कार्बन वाढत नाही. पावसाळी वजनाला १५ टक्क्यांनी गुणणारा विद्यार्थी पावसाच्या पाण्यातून मिथेन काढत असतो!

मग एक मावशी बोलल्या. डेपोवर कागद-पत्रा वेचण्यात त्यांची तीस वर्षे गेली. त्या म्हणाल्या, "तुम्ही कागद धरलाय, पुठ्ठा धरलाय. तो ढिगात राहतोच कुठं? गाडी पालथी झाली की आम्ही उचलतो. खाली जातं ते घाण लागलेलं, भिजलेलं."

मावशींचे हे दोन वाक्यांचे म्हणणे आकड्यांत मांडून पाहू. कोरड्या कागदात कुजणारा कार्बन सुमारे ४० टक्के असतो, अन्नकचऱ्याच्या पावणेतीन पट. वरच्याच पायऱ्यांनी उतरत आलो तर एक टन कागदामागे ४०० किलो कार्बन, त्यातला निम्मा २००, ०.८ ने गुणून १६०, निम्मा ८०, आणि शेवटी सुमारे १०७ किलो मिथेन. कागद सावकाश कुजतो. पावसाळी प्रदेशातही निम्मा संपायला दहा वर्षे लागतात, म्हणून पहिल्या वर्षी सातच किलो मिथेन निघतो. पण एकदा गाडला की तो पुढची कित्येक दशके वायू देत राहतो. मावशी आणि त्यांच्या सोबतिणींनी गाडला जाण्याआधी उचललेला प्रत्येक टन चांगला कागद म्हणजे न निघालेला १०७ किलो मिथेन. २८ पटीने तो सुमारे ३ टन कार्बन डाय-ऑक्साइडइतका होतो.

हा हिशोब कोणत्या रकान्यात लिहितात? बहुधा कोणत्याही नाही. वस्तीतून निघालेल्या कचऱ्याचे घटक घेऊन थेट गणित केले तर वेचलेला कागद ढिगातच आहे असे धरले जाते आणि मिथेनचा आकडा फुगतो. ढिगावर पोहोचलेल्या कचऱ्याचे घटक घेतले तर आकडा बरोबर येतो, परंतु तो कमी कोणामुळे झाला हे दिसत नाही. दोन्ही रीतींत मावशी नाहीत. कार्बनच्या बचतीला बाजारात पैसे मिळू लागल्याला आता पुष्कळ वर्षे झाली. भरावातला वायू जाळणाऱ्या प्रकल्पांना ते मिळाले. कागद वेचून वायू होऊच न देणाऱ्या हातांना भंगारवाल्याकडचा किलोचा भाव मिळाला. आमच्या मते हा हिशोबातला दोष आहे आणि तो हिशोबातच दुरुस्त व्हायला हवा. वस्तीतला कचरा व ढिगावरचा कचरा, असे दोन्ही ठिकाणी घटक मोजून मधला फरक लिहिला की तो रकाना आपोआप तयार होतो.

प्रत्यक्ष मोजले तर?

कोणी म्हणेल, एवढ्या गृहीतांपेक्षा सरळ ढिगावर जाऊन वायू मोजा की! तेही करतात. एक चौकोनी पेटी ढिगावर उपडी ठेवतात, कडा मातीने बंद करतात आणि काही मिनिटांच्या अंतराने पिचकारीने आतल्या हवेचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासतात. समजा पेटीचे तोंड अर्धा मीटर लांब-रुंद आहे आणि आत १०० लिटर हवा मावते. दहा मिनिटांत मिथेन दहा लाख भागांत २ वरून २०२ भागांवर गेला. म्हणजे वाढ २०० भागांची, शंभर लिटरमध्ये २० मिलिलिटर, वजनाने सुमारे १३ मिलिग्रॅम. तासाचे झाले ७८ मिलिग्रॅम, आणि पाव चौरस मीटर जागेवरून एका चौरस मीटरचा हिशोब केला तर ३१२ मिलिग्रॅम. हेक्टरी ताशी सुमारे ३ किलो.

पण पेटी एक हात पलीकडे सरकवली की आकडा दहापट होऊ शकतो किंवा शून्यही येऊ शकतो. ढिगाला भेगा असतात. वायू सगळीकडून सारखा न निघता भेगांतून निघतो. शिवाय हवेचा दाब उतरला की वायू अधिक बाहेर येतो. इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यातील लॉस्को या गावी २४ मार्च १९८६ रोजी पहाटे भरावाजवळचे एक घर स्फोटाने कोसळले, तेव्हा काही तासांत हवेचा दाब झपाट्याने उतरला होता आणि भरावातला वायू जमिनीतून घरापर्यंत पोहोचला होता. आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. म्हणजे सकाळची पेटी आणि दुपारची पेटी यांचा मेळ बसेलच असे नाही. दोन-चार पेट्या ठेवून साऱ्या डोंगराचा आकडा सांगणाऱ्या अहवालावर आमचा फारसा विश्वास नाही.

दुसरा मार्ग आकाशातला. २०१७ च्या ऑक्टोबरात सोडलेल्या एका युरोपीय उपग्रहावरचे ट्रोपोमी नावाचे उपकरण रोज पृथ्वीवरच्या मिथेनचा नकाशा काढते. त्याचा एक ठिपका काही किलोमीटरांचा, म्हणजे त्यात डेपोबरोबर निम्मे उपनगर येते. मग जीएचजीसॅट या कंपनीचे लहान उपग्रह त्या जागी नेमके रोखतात. त्यांचा ठिपका सुमारे २५ मीटरचा. या दोहोंची जोडी लावून केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्यूनस आयर्स येथील कचराभूमींवरून ताशी ३ ते २९ टन मिथेन निघत असल्याचे आढळले. आणि महत्त्वाची गोष्ट ही की, या शहरांचा एकूण मिथेन नेहमी वापरल्या जाणाऱ्या कागदोपत्री हिशोबांपेक्षा १.४ ते २.६ पट अधिक भरला. त्यातला कचराभूमींचा वाटा ६ ते ५० टक्के.

म्हणजे काकांनी विचारलेला प्रश्न उपग्रहानेही विचारला, असे म्हणायला हरकत नाही.

तरी उपग्रहाचा आकडा हे ब्रह्मवाक्य नव्हे. उपग्रह हवेतला वायू पाहतो. तो ताशी किती निघाला हे काढायला वाऱ्याचा वेग लागतो, आणि वाऱ्याचा अंदाज चुकला की आकडाही चुकतो. ढग आले की काहीच दिसत नाही, म्हणजे आपल्या पावसाळ्याचे महिने बहुतांशी कोरेच. ठरावीक दुपारी घेतलेल्या काही चित्रांवरून वर्षाचा आकडा काढायचा असतो. शिवाय लहान डेपो त्याच्या नजरेत भरत नाहीत. आमच्या विद्यार्थ्याच्या गावाचे ताशी ८३ किलो तर या उपग्रहांच्या नजरेच्या काठावरचे. महानगराचा डोंगर आकाशातून दिसतो, तालुक्याचा उकिरडा दिसत नाही, आणि महाराष्ट्रात तालुके पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी कागदावरचे गणित सुटत नाही.

तेव्हा आकडा सांगताना एक आकडा न सांगता दोन सांगावेत, असा आमचा आग्रह आहे. वरच्या उदाहरणात "७३० टन" असे न लिहिता "ढीग उथळ धरल्यास ३६५, खोल धरल्यास ७३०, वजनाची खात्री नाही" असे लिहावे. असे लिहिणारा विद्यार्थी कच्चा नव्हे, पक्का आहे. नुसता "६२७.४ टन" असा दशांशापर्यंतचा आकडा कोणी दिला तर त्याला काकांचा प्रश्न विचारावा.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

ढिगावर चढू नये, हे पहिले. काडी पेटवून "गॅस आहे का" ते पाहण्याचा मूर्खपणा कोणीही करू नये. खड्डे, चर, बंद खोल्या यांत डोकावू नये. तेथे मिथेन आणि कार्बन डाय-ऑक्साइड साचतात आणि गुदमरून माणूस पडतो. आपले काम ढिगापासून लांब, गाडी रिती होते त्या जागी किंवा वस्तीतल्या घंटागाडीपाशी, रीतसर परवानगी काढून होते.

वेगवेगळ्या चार-पाच गाड्यांतून थोडा थोडा मिळून शंभरएक किलो कचरा ताडपत्रीवर घ्यावा. फावड्याने मिसळून गोल पसरावा, भाकरीसारखे त्याचे चार भाग करावेत. समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत, उरलेले दोन पुन्हा मिसळावेत. असे करत दहा-बारा किलो उरला की हातमोजे घालून वेगळा करावा : खरकटे व भाजीपाला, पालापाचोळा, कागद-पुठ्ठा, कापड, लाकूड, आणि बाकी सगळे (प्लॅस्टिक, काच, माती यांतून मिथेन होत नाही, पण वजन लिहावे). प्रत्येकाचे वजन भाजीच्या काट्यावर होते. हे वर्षातून एकदा करून भागत नाही. मे महिन्यात आंब्याच्या साली-कोयी, पावसात मक्याची कणसे, गणपतीत निर्माल्य, दिवाळीत पुठ्ठ्याचे खोके असा कचऱ्याचाही पंचांग असतो. निदान चार वेळा मोजावे, आणि पावसात मोजले असेल तर तसे लिहावे.

त्यानंतर माणसांना विचारावे. ढीग कोणत्या वर्षी सुरू झाला, तेव्हा जागा खड्ड्याची होती की सपाट, कोणत्या बाजूला जुना कचरा आहे, कोणत्या वर्षी आग लागली आणि किती दिवस जळत होती. जळून गेलेला कचरा मिथेन देत नाही, म्हणून तो वजनातून वजा करावा लागतो. धुराचा हिशोब मात्र वेगळा आणि अधिक वाईट. ही माहिती मुकादम, जुने ड्रायव्हर आणि वेचणाऱ्या बायका यांच्याकडे असते. तिची नोंद करताना सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी आणि ते किती वर्षे तेथे काम करत होते तेही लिहावे. अहवालात जसे यंत्राचे नाव लिहितात, तसा या माहितीचाही उगम लिहिला गेला पाहिजे.

ओला व सुका कचरा घरीच वेगळा करावा, असे २००० सालच्या नियमांत होते, २०१६ सालच्या नियमांत अधिक स्पष्टपणे होते. ओला कचरा वेगळा निघून त्याचे खत झाले तर ४० किलोंपैकी बहुतेक मिथेन तयारच होत नाही. पुढच्या वर्षी आपल्या गावात हे किती झाले, ते सांगायला आधीच्या वर्षाचा आकडा हाताशी लागतो.

आमच्या विद्यार्थ्याने आपल्या गावाचा हिशोब पुन्हा मांडायला घेतला आहे. या वेळी त्याच्या वहीत पहिल्या पानावर सूत्र नाही. काकांनी सांगितलेल्या फेऱ्या, गाड्यांचे प्रकार आणि वजनकाटा बसला ते साल, असे तीन रकाने आहेत. दुसऱ्या पानावर मावशींच्या सांगण्यावरून एका दिवसात किती पोती कागद उचलला जातो त्याची नोंद चालू आहे. या वहीचा कोरा नमुना संस्थेच्या अभ्यासिकेत ठेवला आहे. ज्या शाखांना हवा असेल त्यांनी नक्कल करून न्यावी, आणि भरलेली वही वर्षअखेर परत आणून द्यावी.